डावा कौल

मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको. खरं तर हेवा हा शब्दही सौम्यच झाला. शनिवारी संध्याकाळी बेळगावच्या गाडीतून नूतन उतरली, की माझ्या पोटात जे सुरू होतं त्याला आमच्या इचलकरंजीत सरळ जळणं म्हणतात.

कारण साधं आहे. आई माझ्याकडे असते. तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, औषधं, कपडे, सगळं आठवडाभर मी करते. एवढं करून सुताला पीळ देण्याचा आमचा कारखानाही मीच बघते. नूतन येते शनिवारी संध्याकाळी आणि जाते रविवारी दुपारी. आणि निळी फुलं उमलतात ती फक्त रविवारी सकाळी.

खरोखरची फुलं म्हणतेय मी.

आईला मेंदूचा झटका आला, त्यात तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द शिल्लक राहिला, "बास." चहा हवा असला तरी बास, नको असला तरी बास. टीव्हीवर काही आवडलं तर बास, पाठ दुखली तरी बास. तिच्या मनात काय चाललंय ते आम्हाला कळेना, म्हणून सरकारी पुनर्वसन योजनेतून तिच्या उशाशी सांगवेल आली.

आता सांगवेल घरोघरी झाली आहे, तरी ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सांगते. मुळात ही आपली कुंपणावरची गारवेल. बदामाच्या आकाराची पानं, मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली कळी, आणि पाचही पाकळ्या एकमेकींना जोडून झालेलं नरसाळ्यासारखं फूल. पहाटे उमलतं, दुपारी मान टाकतं. या फुलाची गंमत त्याच्या रंगात आहे. पाकळीच्या पेशींमधला रस आंबट असला की रंग गुलाबी दिसतो, आंबटपणा गेला की तोच रंग निळा होतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, त्याच जातीचा प्रकार. कळी असते गुलाबी. उमलण्याआधी पेशी आतला आंबटपणा घालवतात आणि सकाळी फूल निळं होऊन समोर येतं.

शास्त्रज्ञांनी काय केलं, तर ही पहाटेची कळ पानांच्या ताब्यात दिली. माणूस भ्यायला, त्रासला, आतल्या आत कुढला, की त्याच्या श्वासातून आणि घामातून काही वेगळी द्रव्यं हवेत जातात. कुत्र्यांना ती पूर्वीपासून कळतात, आता गारवेलीच्या पानांनाही कळू लागली. रात्री माणूस निवांत असला तर फूल निळं उमलतं. नसला तर पेशी आंबटच राहतात आणि फूल गुलाबीच उमलतं. रोपटं ज्याच्या उशाशी वाढतं, त्याचाच श्वास ते ओळखतं. हे एक बरं आहे. नाहीतर माझ्या श्वासाने आमच्याकडे काळीच फुलं आली असती.

मग नियम आला, की बोलता न येणाऱ्या माणसाने कुठे राहावं हे ठरवताना फुलांचे फोटो बघायचे. लोकांनी त्याला लगेच नाव दिलं, कौल. देवाला कळी लावतात, ती उजवीकडे पडली की होकार, डावीकडे पडली की नकार, तसा. निळं फूल म्हणजे उजवा कौल, गुलाबी म्हणजे डावा.

आमच्याकडे आठवडाभर डावा कौल. रविवारी मात्र न चुकता उजवा.

पाहणीला येणारे डॉक्टर बिरनाळे तसे समजूतदार. फोनवर फोटो सरकवत ते म्हणाले, "कांचनताई, तुम्ही फार करता, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण सगळ्या फोटोंमधून एकच गोष्ट दिसते आहे. आणखी दोन रविवार हेच दिसलं तर आईंना बेळगावला हलवावं असं मला लिहावं लागेल."

"लिहा की," मी म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

माझ्या हातून आई जाणार होती. तीही नूतनच्या हातात. जन्मापासून डावरी असलेल्या नूतनच्या! लहानपणी आमच्या घरात रोज तोच तमाशा. नूतनने डावा हात ताटात घातला की आईचं उलथनं खाली यायचं. तिळगूळ डाव्या हातात घेतला म्हणून तिला पाहुण्यांसमोर मार बसलाय. मी उजवी, शहाणी, आईची लाडकी. आईने मुलींमध्ये कधी डावं-उजवं केलं नाही असं नातेवाईक म्हणायचे, तेव्हा नूतन खिडकीबाहेर बघत बसायची. आणि आता त्याच आईची फुलं तिच्यासाठी निळी होत होती.

मला संशय आला. नूतन वेलीला काहीतरी घालत असणार. चुन्याची निवळी, सोडा, काहीतरी. म्हणून मी जुना मोबाइल खिडकीत डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि कॅमेरा दिवसरात्र चालू राहील अशी सोय केली. चौकटीत फक्त वेल आणि तिची काठी. आई दिसत नव्हती. मला आई बघायचीच नव्हती, मला नूतनचे हात बघायचे होते.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात उभी राहून मी ते सगळं चित्रण भरभर पळवून बघितलं.

पहिल्या शनिवारी नूतनने काहीही घातलं नव्हतं. काठीवरून सुटलेला शेंडा तिने फक्त पुन्हा काठीला गुंडाळला होता. हे काम मीही रोज संध्याकाळी करत होते. न केलं तर शेंडा आईच्या पलंगाच्या दांडीकडे निघायचा. नूतनने तो डाव्या हाताने, डावीकडून उजवीकडे नेत गुंडाळला, आणि शेंडा सकाळपर्यंत मुकाट्याने तिथेच वर चढत राहिला.

मग माझी पाळी आली. दुसऱ्या संध्याकाळी माझा उजवा हात चौकटीत आला. मी शेंडा उजवीकडून डावीकडे नेला, प्रदक्षिणा घालतो तसा, आणि खोडावरच्या लवीत नीट अडकवून दिला. मी गेले. आणि पळत्या चित्रात ती वेल तळमळायला लागली. शेंडा सुटला, हवेत गोल गोल फिरला, काठी चाचपली, खाली वाकला, पुन्हा उठला आणि शेवटी उलट्या दिशेने चढू लागला. मी वाकवलं होतं तिथे खोडातून पांढरा चीक आला होता. रोज रात्री हेच. रोज सकाळी त्या खोडावरचं फूल गुलाबी.

समोर बॉबिनवर सुताला पीळ बसत होता आणि मी त्या पिळाकडे बघत राहिले.

आमच्या धंद्यात पिळाला उजवा-डावा कुणी म्हणत नाही. एस पीळ म्हणतात, नाहीतर झेड पीळ. सुताचा तिरकसपणा झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारखा असेल तर झेड, एसच्या पोटासारखा असेल तर एस. कारण उजवं म्हणजे कुणाचं उजवं? वरून बघणाऱ्याचं की खालून? सांगवेल बसवायला आलेली बाई म्हणाली होती, "उजव्या वळणाची आहे हो, शेंडा सुटला तर तसाच फिरवा." उजवं म्हटल्यावर मी काय समजणार? देव उजव्या हाताला ठेवून फेरी घालतात, ते उजवं. वनस्पतिशास्त्रात उजवं म्हणतात ते नेमकं त्याच्या उलट. गारवेल झेड पिळाची. जगातली कुठलीही गारवेल घ्या, झेडच. आणि मी, पिळावर आयुष्य काढलेली बाई, तिला रोज संध्याकाळी एस पीळ देत होते. झेड सुताला एस पीळ दिला की ते उकलतं, हे आमच्याकडे काल लागलेली पोरगीसुद्धा सांगेल.

म्हणजे वेल आईचं काही सांगतच नव्हती. ती माझ्या हाताबद्दल कुरकुरत होती.

दुसरी एखादी असती तर तिने ताबडतोब डॉक्टरांना फोन केला असता. मीही नंबर काढला. मग वाटलं, फोन करून काय होणार? माझे गुलाबी फोटो बाद होतील, पण नूतनचे निळे तसेच राहतील. तिचं कौतुक तसंच. हे मला सहन होईना.

संध्याकाळी नूतन आली. आल्या आल्या पिशवी टाकून आईच्या कपाळाला कपाळ लावलं. "बास," आई म्हणाली, आणि तो बास कसला होता ते मलासुद्धा कळलं. मग नूतन वेलीकडे वळली. सवयीने तिचा डावा हात शेंड्याकडे गेला.

"तसं नको गुंडाळू," मी म्हणाले.

"मग कसं?"

"उलटं गुंडाळायलीस तू. उजव्या वळणाची आहे ती. देवाला फेरी घालतो तशी घाल. आणि उजव्या हातानं घाल."

तिचा हात हवेतच थांबला. चेहरा एकदम आठ वर्षांच्या पोरीचा झाला, उलथन्याची वाट बघणाऱ्या पोरीचा. "मला काय माहीत गं आक्का. सॉरी," असं म्हणून तिने उजव्या हाताने, अवघडत, शेंडा चुकीच्या बाजूने गुंडाळला. पुरता अडकावा म्हणून दोनदा दाबलाही.

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी निवांत जेवले.

पलंगावरून आई माझ्याकडे बघत होती. मी दिवा मालवला.

एरवी रविवारी सकाळी मी घरात थांबत नसे. मायलेकींचं कौतुक बघण्यापेक्षा कारखान्यात यंत्रांना तेल घातलेलं बरं. पण त्या रविवारी थांबले. सगळी फुलं गुलाबी होती, एकूण एक. डॉक्टर बिरनाळे आले, वेलीसमोर उभे राहिले आणि चष्मा पुसून पुन्हा बघू लागले.

"शनिवारची रात्र आणि गुलाबी? असं प्रथमच होतंय."

नूतन ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत कोपऱ्यात उभी राहिली. मी डॉक्टरांना चहा दिला, बिस्किटं दिली, आईच्या औषधांची चौकशी केली. इतकी छान वागले की विचारू नका. मग उप्पिटाची बशी घेऊन आईला भरवायला बसले. पहिला घास पुढे केला. आईने तोंड फिरवलं.

"बास."

"अजून सुरू पण नाही केलंस," मी म्हणाले.

"आक्का, राहू दे," नूतन हळूच म्हणाली. "तिची ती खाते."

"कशानं खाते?"

"हातानं की."

मला कळलंच नाही. उजवा हात तर मांडीवर लुळा पडलेला. नूतनने माझ्याकडून बशी घेतली, आईच्या मांडीवर ठेवली, स्वतःची बशी घेऊन समोर बसली आणि डाव्या हाताने खायला लागली. आईने तिच्याकडे बघितलं. मग आपला डावा हात उप्पिटात घातला.

थोडं गालाला लागलं. थोडं छातीवर सांडलं. मी पुसायला उठले तर नूतनने मान हलवून मला बसवलं. आईने पुन्हा बोटं जुळवली, पुन्हा घास उचलला, आणि या वेळी तो बरोबर तोंडात गेला. ती हसली. झटक्यानंतर मी तिला हसताना बघितलं नव्हतं. डॉक्टर फोनमधून डोकं वर काढून म्हणाले, "वा, डाव्या हाताची सवय चांगली झाली की. नूतनताईंनी मेहनत घेतलीय."

सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला नव्हतं.

आई मेली तरी डाव्या हाताने जेवणार नाही, अशी माझी खात्री होती. म्हणून आठवडाभर, दोन्ही वेळा, मी तिला माझ्या उजव्या हाताने भरवत होते. तिने डावा हात ताटाकडे नेला की मी तो प्रेमाने बाजूला करत होते. मला वाटायचं तिला भान राहत नाही. किती वेळा केलं असेल मी ते. अगदी प्रेमाने.

बशी संपली. रात्री सुटलेला शेंडा पलंगाच्या दांडीशी लोंबत होता. आईने तो खरकट्या बोटांनी उचलला आणि डाव्या हाताला सहज जाईल तसा, डावीकडून उजवीकडे, काठीला गुंडाळला. मग माझ्याकडे बघितलं. रात्री बघत होती तसंच.

तिने सगळं पाहिलं होतं. मी नूतनला काय सांगितलं तेही, आणि कशासाठी तेही. मी पुढे जे बोलले ते चांगुलपणाने बोलले असं कुणी समजू नये. आईच्या त्या नजरेखाली मला दुसरं काही सुचलंच नाही.

"डॉक्टर, ते फोटो काढून टाका," मी म्हणाले. "वेलीला आईचं काही कळत नाहीये. मी तिला रोज उलटी गुंडाळत होते. काल हिलाही उलटी गुंडाळायला लावली."

मी मोबाइल पुढे केला. डॉक्टरांनी ते पळतं चित्र दोनदा बघितलं आणि मोठा श्वास सोडला. "खोडाला इजा झाली की वेलीच्या आत जो निरोप जातो, तो याच पेशींना जातो. म्हणजे आईंचा श्वास कितीही शांत असला तरी फूल गुलाबीच येणार. सगळ्याच नोंदी बाद. आता आठवडाभर हिच्या वळणाने गुंडाळा. पुढच्या रविवारी येतो, तेव्हा जे दिसेल ते खरं धरू."

ते गेल्यावर नूतन म्हणाली, "काल मुद्दाम सांगितलंस?"

"हो."

"मला वाटलं होतं, डाव्या हाताचं प्रकरण या घरात संपलं." तिने पिशवी उचलली. "शनिवारी येते मी." जाताना नेहमी मागे वळून हात करते, त्या दिवशी केला नाही.

मी शेंडा झेड वळणाने गुंडाळायला लागले. वेल शांत झाली. चीक थांबला, नवी लव आली, शेंडा न तळमळता काठी चढू लागला. सुरुवातीची फुलं गुलाबी आली, ती जुन्या जखमेमुळे, असं मी स्वतःला समजावलं. मग नव्या, धडधाकट खोडावर कळी आली. मी उजाडताच जाऊन बघितलं.

गुलाबी.

आता वेल खरं बोलत होती, आणि माझ्याकडे सबब उरली नव्हती. मी तिथेच रडले. मला वाटलं होतं, वेल चुकते आहे एवढं सिद्ध झालं की झालं. वेल चुकत होती, आणि तरीही आई माझ्या घरात सुखी नव्हती. दोन्ही खरं होतं.

त्या दिवशी ताट वाढून मी आईच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसले. आईला खरं वाटेना. ती ताटाकडे बघे, माझ्याकडे बघे. मग तिचा डावा हात चोरासारखा पुढे आला. माझ्या घरात, माझ्यासमोर, माझी आई चोरासारखी जेवायला लागली. चादरीवर आमटी सांडली. मी बसून राहिले. किती कठीण असतं ते, करून बघा.

दुसऱ्या दिवशी एकच फूल उमललं. कडेला गुलाबी, पण मध्ये निळं. त्यानंतरची निळी.

रविवारी डॉक्टरांनी फोटो बघितले आणि आई इथेच राहील असं लिहून दिलं. नूतन शनिवारीच आली होती. माझ्याशी मोजकंच बोलत होती, पण बोलत होती. डॉक्टर गेल्यावर ती आत पापड तळायला गेली आणि मी आईचं ताट वाढलं.

आईने आमटीभात कालवला. आता तिला छान जमत होतं. घास केला, तोंडाजवळ नेला, थांबली, आणि हात माझ्याकडे वळवला.

डावा हात. खरकटा. ज्या हाताने आमच्या घरात कुणी कुणाला साधी सुपारीसुद्धा दिली नव्हती. मी तोंड उघडलं आणि तो घास घेतला. मीठ थोडं जास्त झालं होतं.

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, नाही असं नाही. पण स्वभाव कुठे जातो? आतून पापड तळल्याचा आवाज येत होता तोवर मी पुढे वाकले आणि अगदी हळू, तिकडे ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "आई, नूतनला भरवलास का गं कधी असा?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताची आमटी माझ्या गालाला लावत ती म्हणाली,

"बास."